फंडाला कुलूप, वसुलीवाल्याला मुभा

१८ आणि १९ एप्रिल २०१६ या दोन दिवशी बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार रस्त्यावर उतरले. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. होसूर रस्त्यावरील बोम्मनहळ्ळीत पेटलेली ठिणगी दुसऱ्या दिवशी पीण्या, जालहळ्ळी, तुमकूर रस्ता अशी पसरत गेली आणि शहराची वाहतूक ठप्प झाली. कोणत्याही मध्यवर्ती कामगार संघटनेने हाक दिलेली नव्हती. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला. बसगाड्या जळाल्या, हेब्बगोडी पोलीस ठाण्याच्या आवारातील वाहने पेटली. आणि १९ तारखेच्या संध्याकाळी केंद्रीय श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांना आपल्या सरकारची अधिसूचना रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले.

ती अधिसूचना भविष्य निर्वाह निधीविषयी होती. १० फेब्रुवारी २०१६ च्या या फर्मानाने असे ठरविले होते की, नोकरी सुटलेल्या कामगाराने निधीतून फक्त आपली वर्गणी आणि तिच्यावरील व्याज काढावे. मालकाच्या वर्गणीचा हिस्सा मात्र वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत निधीतच राहील. त्याच फेब्रुवारीच्या २९ तारखेला अर्थसंकल्पात निधीतून काढलेल्या रकमेच्या ६० टक्क्यांवर कर बसविण्याचा प्रस्ताव आला होता. पगारदार मध्यमवर्गाने ओरड करताच ८ मार्च रोजी तो मागे घेण्यात आला. गारमेंट कामगार स्त्रियांना मात्र तेवढीच सुनावणी मिळविण्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या.

या घटनेला दशक लोटत आले, तरी तिने उभा केलेला प्रश्न सुटलेला नाही. कामगाराच्या म्हातारपणाच्या पुंजीचे रक्षण करावयाचे ते कोणापासून? खुद्द कामगारापासून, की तिच्या दारात उभ्या असलेल्या वसुलीवाल्यापासून? या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे आहे, आणि आपल्या चळवळीतील काहींनी दिलेले उत्तर अपुरे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

उधळेपणाची दंतकथा

राज्यकर्त्यांचा युक्तिवाद सरळ दिसतो. निधी हा निवृत्तीसाठी आहे. कामगार मध्येच पैसे काढतो, खर्चून टाकतो आणि म्हातारपणी रिकाम्या हाताने बसतो. तेव्हा त्याच्याच हितासाठी त्याचा हात अडविला पाहिजे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने घेतलेल्या निर्णयामागेही हाच विचार आहे. पैसे काढण्याच्या तेरा किचकट तरतुदी तीन गटांत आणून मंडळाने काही सोय केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच निर्णयाने असे ठरविले की, खात्यातील २५ टक्के रक्कम नेहमी शिल्लक राहिली पाहिजे, आणि नोकरी गेल्यावर पूर्ण रक्कम हाती येण्यासाठी दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावे लागेल. समर्थनार्थ श्रम मंत्रालयाने आकडे पुढे केले: खाते बंद करताना निम्म्या सभासदांच्या नावावर २०,००० रुपयेसुद्धा नसतात, आणि पाऊणशे टक्क्यांच्या नावावर ५०,००० रुपयांहून कमी असतात.

मंत्रालयाला या आकड्यांत कामगाराचा उधळेपणा दिसतो. आम्हाला त्यांत कामगाराचे वेतन दिसते. वेतनाच्या टक्केवारीने साठणारा निधी वेतनाहून मोठा कसा होणार? सात-आठ हजारांवर अथवा बारा हजारांवर राबणारी बाई दोन-तीन वर्षांत लक्षाधीश व्हावी अशी अपेक्षा आहे काय?

सरकारच्या या कळवळ्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात याच सरकारच्या अर्थमंत्र्यांनी निधीचा सभासद हा ग्राहक नसून ओलीस आहे अशा आशयाचे उद्गार काढले होते, आणि अल्प वेतनाच्या कामगाराला आपली वर्गणी ऐच्छिक करून देण्याचा मनोदय सांगितला होता. एका वर्षाने त्याच कामगाराच्या पैशाला ५८ व्या वर्षापर्यंत कुलूप लागले. आज मोकळे करा, उद्या कोंडा, परवा चतुर्थांश कोंडा, असे धोरण बदलत राहिले. कामगाराला विचारावयाचे नाही, एवढे मात्र कधी बदलले नाही.

हा पैसा खरोखर कशासाठी आहे?

गारमेंट उद्योगातील नोकरी आजन्म टिकत नाही. उत्पादनाचे लक्ष्य तासागणिक मोजले जाते. बाळंतपण, आजारपण, घरातील वृद्धाची शुश्रूषा, कारखान्याचे स्थलांतर यांपैकी काहीही नोकरी तोडावयास पुरेसे असते. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते असा दंडक चालत आला. पुष्कळ जणी तिथवर पोचत नाहीत. पेन्शन योजनेतून मासिक पेन्शन मिळण्यास दहा वर्षांची सेवा हवी. ती भरली तरी सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शनची हमी आहे दरमहा १,००० रुपयांची. तेव्हा नोकरी सुटताना एकरकमी हाती येणारा पैसा म्हणजे निधी, आणि बहुधा निधीच. त्यातून मुलीची फी भरली जाते, गहाण पडलेले दागिने सुटतात, आणि सर्वांत आधी कर्ज फिटते. ज्याला सरकार निवृत्तीची ठेव म्हणते, ती कामगार स्त्रीच्या दृष्टीने बेकारीचा भत्ता आहे, आजारपणाचा विमा आहे आणि सावकाराच्या तावडीतून सुटण्याची खंडणीही आहे. कारण या तिन्ही गोष्टींची दुसरी सोय समाजाने तिला करून दिलेली नाही.

आपल्यातील काही साथींनी २०१६ साली आणि त्यानंतरही असे म्हटले की, निधी काढू देण्याची मागणी मागासलेली आहे. ती सामाजिक सुरक्षिततेच्या मुळावर येते. संघटित चळवळीने तिच्यामागे फरफटत जाऊ नये. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. १९५२ चा निधीचा कायदा हे लढून मिळविलेले हत्यार आहे आणि वर्गणी सक्तीची असणे कामगाराच्या हिताचे आहे. सक्ती उठली की मालकाची वर्गणी पहिल्याने बुडेल. परंतु निधीत पैसा पडलाच पाहिजे ही सक्ती मालकावर आहे. तो पैसा संकटातही बाहेर पडू नये ही सक्ती कामगारावर आहे. या दोहोंना एकच समजणे ही वैचारिक गफलत होय. बंगळूरच्या स्त्रियांनी पहिली सक्ती मोडा असे कधीही म्हटले नव्हते. त्यांनी दुसरीला विरोध केला, आणि तो योग्यच होता.

बेलिफ येत नाही, वसुलीवाला येतो

कायद्याच्या पुस्तकात कामगाराच्या पुंजीला संरक्षण नाही असे नाही. उलट चांगलेच भक्कम संरक्षण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कामगाराची मजुरी जप्त करता येत नाही, आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल हे तिन्ही प्रकारचे कामगार त्यात येतात असे कलमातच स्पष्ट केलेले आहे. १९५२ च्या निधी कायद्याच्या १० व्या कलमाने सभासदाच्या नावावरील रक्कम गहाण टाकण्यास आणि कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने जप्त करण्यास मनाई केली. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाने तसेच कवच दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असे सांगितले की, निधीची रक्कम कामगाराच्या हातात पडेपर्यंत तिला हात लावता येणार नाही. आणि २००८ साली याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन पेन्शन व ग्रॅच्युइटीचे पैसे निवृत्त माणसाने बँकेत मुदत ठेवीत ठेवले तरी त्यांचे संरक्षण नष्ट होत नाही असा निर्वाळा दिला.

हे संरक्षण आकाशातून पडले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पाठोपाठ दख्खनभर दंगे झाले आणि १८७९ साली शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकण्यास बंदी करणारा कायदा इंग्रज सरकारला करावा लागला. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण सावकार काठी घेऊन उभा राहात असे. १९३१ साली व्हिटली आयोगाने नोंदविले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांशांहून कमी नव्हे इतकी कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे. कर्जवसुलीसाठी कारखान्याला वेढा घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्या वसाहतवादी आयोगालाही करावी लागली.

मग आज एवढे कवच असताना कामगार स्त्री उघडी कशी? याचे कारण असे की, हे सारे कायदे न्यायालयाच्या बेलिफासमोर कुलूप लावतात, आणि आजचा वसुलीवाला न्यायालयात जातच नाही. दहा-पंधरा स्त्रियांच्या गटाला कर्ज द्यावयाचे, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवावयाचे, शेजारणींसमोर अब्रू काढावयाची, हे ज्याला जमते त्याला हुकूमनामा लागत नाही. तो निधी जप्त करीत नाही. तो तिला राजीनामा देऊन निधी काढावयास लावतो. पैसे तिच्या खात्यात पडतात आणि त्याच दिवशी तिच्याच सहीने बाहेर जातात. कायद्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते.

आता रिझर्व्ह बँकेचे नियम पाहा. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत असू शकतात. म्हणजे महिना २५,००० रुपयांत चालणाऱ्या घरातून १२,५०० रुपये हप्त्यांपोटी जाणे नियमाला धरून आहे! ज्या मजुरीचा एक रुपयाही न्यायालयाला जप्त करता येत नाही, तिचा अर्धा भाग कंपनीने आधीच बांधून घ्यावा, याला देशाच्या मध्यवर्ती बँकेची हरकत नाही. याच निर्देशांनी सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या व्याजावरील पूर्वीची मर्यादा काढून टाकली आणि दर ठरविण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपविले. मांजरालाच लोण्याची राखण दिली.

कर्नाटकचा कायदा आणि त्यातील भगदाड

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून वसुलीच्या छळाने झालेल्या आत्महत्यांच्या आणि घराला कुलूप लावून गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने वटहुकूम काढला. बळजबरीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा होती. राज्यपालांनी शिक्षा जास्त असल्याची हरकत घेऊन तो एकदा परत पाठविला आणि १२ फेब्रुवारी रोजी सही केली. पुढे विधिमंडळाने त्याचा कायदा केला. नोंदणीशिवाय सावकारी करणाऱ्याने दुर्बलांना दिलेले कर्ज फिटले असे समजावे, ही त्यातील तरतूद स्वागतार्ह आहे.

परंतु रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका व वित्त कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. गल्लीतला सावकार सापळ्यात सापडेल, कोट्यवधींचा व्यवहार करणारी कंपनी सुटेल! यामागे केवळ राज्य सरकारचा भित्रेपणा नाही. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांचे सावकारी नियंत्रण कायदे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निर्णय दिला आहे. म्हणून हा लढा बंगळूरच्या विधानसौधात संपू शकत नाही. तो दिल्लीत आणि मुंबईच्या मिंट रोडवर न्यावा लागेल.

कुलपाचा हिशेब

आता कुलपाचा लाभ कोणाला होतो ते आकड्यांत पाहू. समजा, एका शिलाई कामगार स्त्रीचे वेतन दरमहा १२,००० रुपये आहे. तिची १२ टक्के वर्गणी १,४४० रुपये. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, उरलेले ३.६७ टक्के, म्हणजे सुमारे ४४० रुपये निधीत पडतात. दोन वर्षांत, व्याज सोडून, सुमारे ४५,००० रुपये साठतील. तिची नोकरी गेली. नव्या नियमाने चौथा हिस्सा, म्हणजे ११,२५० रुपये, वर्षभर अडकले. त्यांवर २०२४-२५ च्या ८.२५ टक्के दराने वर्षाला सुमारे ९२८ रुपये व्याज मिळेल. परंतु घर थांबत नाही. तेवढीच रक्कम तिने २४ टक्क्यांच्या कर्जाने उभी केली, तर व्याज पडेल २,७०० रुपये. तिचा स्वतःचा पैसा सरकारी तिजोरीत सुरक्षित असताना त्याच रकमेसाठी ती वर्षाला १,७७२ रुपये गमावते. हे निवृत्तीच्या पुंजीचे रक्षण म्हणावयाचे की सावकाराला गिऱ्हाईक पुरविणे म्हणावयाचे?

आणि कर्ज बुडविण्याचा दोष तरी कोणाचा? ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितले की, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. त्यांपैकी ७.४१ लाख कोटी रुपये बड्या उद्योगांचे व सेवाक्षेत्राचे होते. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असा खुलासा अर्थखाते दर वेळी करते. निर्लेखित कर्जांतून त्या काळात वसूल झाले सुमारे २.०४ लाख कोटी. मलबार हिलवर अथवा बंगळूरच्या सदाशिवनगरात थकबाकीदाराच्या शेजाऱ्यांना गोळा करून त्याच्या दारात बसविल्याचे कोणी ऐकले आहे काय?

थोरामोठ्यांच्या थकबाकीची किंमतही पुन्हा निवृत्तांनीच भरावयाची असते. बंगळूरच्या बसवनगुडीतील श्री गुरू राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध घातले. तेव्हा ठेवीदाराला ३५,००० रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. ठेवीदारांत आयुष्याची कमाई ठेवलेले निवृत्त लोक मोठ्या संख्येने होते. ते कारकून, शिक्षक आणि बोम्मनहळ्ळीची शिलाई कामगार यांची वस्ती वेगळी, भाषा वेगळी, पोशाख वेगळा. परंतु आपल्याच पैशासाठी रांगेत उभे राहण्याचे नशीब एकच. या दोघांची एकजूट घडविणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते आपण अजून पुरेसे केलेले नाही.

काय करावयाचे?

मागण्यांचा क्रम स्पष्ट असावा. निधीची वर्गणी सक्तीची राहिली पाहिजे आणि मालकाने बुडविलेली वर्गणी सक्तीने वसूल झाली पाहिजे. नोकरी गेलेल्या अल्पवेतनी कामगाराला पूर्ण रक्कम तत्काळ काढण्याचा हक्क हवा. २५ टक्क्यांचे कुलूप आणि बारा महिन्यांची प्रतीक्षा रद्द झाली पाहिजे. किमान पेन्शन जगण्यापुरती झाली पाहिजे, कारण म्हातारपणाची खरी तरतूद ती आहे. अपुऱ्या वेतनातून कापलेल्या रकमेवर तिचा भार टाकणे हा कांगावा आहे. सूक्ष्म कर्जाच्या व्याजावर मर्यादा हवी, हप्त्यांची ५० टक्क्यांची कमाल खाली आली पाहिजे आणि बळजबरीच्या वसुलीचा फौजदारी कायदा नोंदलेल्या कंपन्यांनाही लागू झाला पाहिजे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुन्या कायद्यांतील जप्तीविरुद्धचे संरक्षण नव्या नियमांत व योजनांत अक्षरशः टिकते की नाही, यावर युनियनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत वसुलीवाला थांबणार नाही. म्हणून प्रत्येक शाखेने आणि युनियनने आजपासून करावयाची कामे आहेत. वस्तीत आणि कारखान्याच्या दारात हे सांगितले पाहिजे की, २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व संध्याकाळी ६ नंतर फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांचा वा सहकाऱ्यांचा छळ, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, हे सारे निषिद्ध आहे. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही तरच तिच्या घरी वा कामावर जाता येते. प्रत्येक धमकीची तारीख, वेळ, माणसाचे नाव लिहून ठेवावे. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. मारहाण अथवा धमकी असेल तर थेट पोलिसांत जावे आणि एकटीने जाऊ नये. निधी काढून देणाऱ्या दलालांना आपला परवलीचा शब्द देऊ नये. वसुलीवाल्याच्या सांगण्यावरून कोणीही राजीनामा लिहू नये. त्याआधी युनियनच्या कचेरीत यावे. आणि त्या कचेरीत तिला उपदेश मिळू नये, मदत मिळावी. गिरणगावातील कामगारांच्या पतपेढ्यांची परंपरा आपल्याला आहे. थोड्या व्याजाने अडीअडचणीला हजार-दोन हजार देणारी पतपेढी जिथे उभी राहते, तिथे सावकाराचा धंदा बसतो, हा अनुभव आहे.

गटकर्जाने एक गोष्ट कंपन्यांच्या नकळत साधली आहे. त्यांनी दहा-पंधरा स्त्रियांना दर आठवड्याला एका जागी बसावयाची सवय लावली. आज त्या एकमेकींवर पहारा ठेवण्यासाठी बसतात. उद्या वसुलीवाला एकीच्या दारात आला असता त्याच दहा-पंधरा जणी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर तो तिथे किती वेळ टिकेल? एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचे सरकार दोन दिवस टिकले नाही.